गंगा की भागीरथी

भागवतची बायको मार्गशीर्षात गेली. तिच्या बाराव्याला साखरा गावात भांडण झालं, ते मात्र तिच्यावरून नव्हे, भागवतच्या पणजीवरून.

झालं असं, की भागवतचा मुलगा दत्तप्रसाद पिंडांपुढं बसला होता. महाराज म्हणाले, "बाई गेली की तिला सासरच्या तीन बायांमध्ये मिळवायचं असतं. सासू, आजेसासू, पणजेसासू. तिघींची नावं सांगा."

दत्तप्रसादनं बापाकडं पाहिलं. तो पुण्याला कंपनीत, त्याला एवढं कुठलं माहीत असणार. भागवत म्हणाला, "माझी माय नर्मदाबाई. आजी रुख्मिणीबाई."

"आणि पणजी?"

"भागीरथी," पुसेगावचा शेषराव म्हणाला.

"गंगा!" दारातून पंचफुलाबाई ओरडली.

शेषराव हा भागवतचा चुलत-चुलत भाऊ. त्याचा आजा आणि भागवतचा आजा ग्यानबा हे सख्खे भाऊ, वाटणीनंतर एक साखऱ्यात राहिला आणि एक पुसेगावला गेला. पंचफुलाबाई ही भागवतची चुलती, घरातली सगळ्यात म्हातारी. कान गेले होते, आवाज शाबूत होता.

"काकू, माझ्या आज्याची माय व्हती ती. मला ठावं न्हाई का?"

"अन् माझ्या सासऱ्याची काय मावशी व्हती का?"

"आमच्या घरात पहिल्यापसून भागीरथीच म्हनतेत."

"तुमच्या घरात काय बी म्हनतेत. या घरावर नाव बघ की काय लिवलंय ते."

घरावर 'गंगाई निवास' लिहिलेलं होतं, भागवतच्या वडिलांनी रंगवून घेतलं होतं. पण तसं पाहिलं तर पुसेगावच्या रस्त्यावर शेषरावचं 'भागीरथी कृषी सेवा केंद्र' होतं, आणि त्याच्या थोरल्या पोरीचं नावही भागीरथी. दोन्ही घरं आपापल्या नावावर अडून बसली. एक जण म्हणाला, आजोबांच्या तोंडून ऐकलंय. दुसरा म्हणाला, तुझा आजोबा तंबाखूच्या नशेत बोलायचा. बाया आत हसल्या. पिंडांवर माशा बसायला लागल्या.

शेवटी महाराजांनी हात वर केला. "चुकीच्या नावानं हाक दिली तर कोण वळून बघतंय? नाव नक्की करा. मिळवणी वर्षश्राद्धाला करू. शास्त्रात मूळ रीत वर्षाचीच आहे."

भागवत या भांडणात पडला नव्हता. त्यानं विचारलं, "अन् तवर ती?"

"तोवर ती वाटेतच," महाराज म्हणाले.

तेवढं एक वाक्य भागवतच्या डोक्यात राहिलं. बाकी त्या दिवसांतलं त्याला फारसं आठवत नव्हतं. डोक्यात रक्त साकळलं म्हणून तिला नांदेडला नेलं, तिथून गाडीतून परत आणलं, हिरवं लुगडं नेसवलं, कपाळभर कुंकू लावलं, गावातल्या बायांनी ओटी भरली आणि पाया पडल्या. "भाग्याची बाई. अहेव गेली," असं जो तो म्हणत होता. नवऱ्याच्या आधी गेली म्हणून भाग्याची. भागवत ते ऐकत उभा होता आणि मान हलवत होता. म्हणजे मी जिता आहे हे तिचं भाग्य, एवढं त्याला कळलं. पण कळून पुढं काही झालं नाही. इंजेक्शन दिलेल्या दातासारखं होतं ते. जीभ लावावी तर दात जागेवर, पण आपला नाही.

लोक म्हणाले, एकदा रडून घे बाबा, मोकळा होशील. त्यानं प्रयत्नही केला. शेतात, एकटा असताना. तोंड वाकडं केलं, आवाज काढून पाहिला. तो आवाज ऐकून बांधावरची बकरी मान वर करून बघायला लागली, तेव्हा त्यानं ते सोडून दिलं.

वर्ष तसंच सरकत गेलं. पेरणी झाली, सोयाबीन निघालं, रानात तूर तेवढी उभी राहिली. वर्षश्राद्ध महिन्यावर आलं तरी नावाचं काही ठरलं नव्हतं. तहसीलला जाऊन जुने कागद पाहिले, त्यात शेत होतं, शेताच्या चतुःसीमा होत्या, पुरुष होते. बाई एक नव्हती.

पुनम, त्याची मुलगी, हिंगोलीत दिली होती. ती फोनवर म्हणाली, "बाबा, इथं मोठं ग्रंथालय हाय. आमच्या शेजारच्यांनी त्यांच्या घराण्याचं सगळं तिथं बसून काढलं. जुनी जुनी पुस्तकं हायेत. तुमी येऊन बघा ना. माझ्याकडं राहा."

भागवत गेला, पण पुनमकडं राहिला नाही. तिच्याकडं गेलं की ती रडायची, आणि समोरचं माणूस रडायला लागलं की आपण काय करायचं ते त्याला सुचायचं नाही. तो सकाळची जीप धरून सेनगावला यायचा, तिथून एसटीनं हिंगोलीला.

ग्रंथालय म्हणजे त्याला वाटलं होतं एखादी खोली असेल. निघाली दोन मजली इमारत. खाली लांबच लांब दालन, आणि त्यात पोरंच पोरं, पाण्याच्या बाटल्या पुढं ठेवून माना खाली घालून बसलेली. एवढी माणसं आणि आवाज म्हणून नाही. मयताच्या घरीसुद्धा एवढी शांतता नसते, त्याच्या मनात आलं.

टेबलाशी एक बाई बसली होती. सुनिता नाव, पस्तिशीची असेल. तिनं त्याच्या टोपीकडं पाहिलं आणि विचारायच्या आधीच सांगून टाकलं, "कुणबी नोंद का काका? ती इथं नाही मिळत. तहसीलला जावं लागतं."

"न्हाई. मला बाईचं नाव पायजे."

"कुठल्या बाईचं?"

"माझ्या पणजीचं. गंगा की भागीरथी, एवढंच बघायचंय."

सुनितानं विचारलं, "कशासाठी?"

"श्राद्धाला."

तिनं गाव कोणतं, पणजी साधारण कोणत्या काळातली, तिचा मुलगा कोण, एवढं विचारून घेतलं. मग म्हणाली, "बायांची नावं शोधणं अवघड असतं. नावावरून नाही सापडणार, गावावरून शोधावं लागेल. वर चला."

वरच्या मजल्यावर मराठवाड्याच्या पुस्तकांची वेगळी खोली होती. भिंती दिसत नव्हत्या, कपाटंच कपाटं. तिनं पाच-सहा पुस्तकं काढून टेबलावर ठेवली. गावोगावच्या माहितीची, देवळांच्या जीर्णोद्धाराची, निजामाच्या काळच्या आठवणींची. "मागच्या बाजूला सूची असते काका. तिथं साखरा कुठल्या पानावर आलंय ते बघायचं आणि तेवढंच पान वाचायचं. सगळं वाचत बसू नका."

भागवतनं बरं म्हटलं, आणि ती खाली गेल्यावर पहिलं पुस्तक पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. त्याला दुसरं जमतच नव्हतं. खुरपायला बसलं की एक तास, म्हणजे पिकाची एक ओळ, धरायचा, तो टोकापर्यंत न्यायचा, मग दुसरा. मधेच कुठंतरी उठून चार तासांपलीकडचं तण उपटायचं, ही काय रीत झाली? शाळा सातवीपर्यंत झालेली. ओळीखाली बोट धरून, ओठ हलवत तो वाचत राहायचा.

असे त्याचे बरेच दिवस गेले. त्याला तिथं बसायला बरं वाटायचं, म्हणजे वाईट वाटायचं नाही. गावात जो भेटेल तो विचारायचा, जेवलास का, झोप लागती का. इथं कोणी काही विचारत नव्हतं. दुपारी तो खाली आवारात लिंबाखाली भाकरी सोडायचा. पोरंही डबे घेऊन तिथंच यायची. एकदा एकानं विचारलं, "काका, रोज येऊन राहिले तुम्ही. कोणती परीक्षा?"

"वर्षश्राद्धाची," भागवत म्हणाला.

पोरं हसली. मग त्यांनी त्याचा चेहरा पाहिला. एकानं आपल्या डब्यातलं लोणचं पुढं केलं. भागवतनं घेतलं आणि खाल्लं. आंबट होतं की नाही ते त्याला सांगता आलं नसतं.

आठवणींचं पुस्तक चांगलं जाड होतं. कोण्या एका मास्तरानं गावोगाव हिंडून, त्या काळी पळापळीत असलेल्या माणसांकडून ऐकून लिहिलेलं. रझाकारांच्या भीतीनं लोक रात्री कसे वऱ्हाडात जायचे, कुठल्या नाल्यात लपायचे, कोणी भाकरी द्यायचं, कोणी दार लावून घ्यायचं. भागवत एक एक तास काढत पुढं चालला होता. अशात एका दुपारी बोटाखाली साखरा आलं.

'साखऱ्यास आम्ही ग्यानबाचे घरी उतरलो. ग्यानबा घरी नव्हता. त्याची आई गंगाभागीरथी तेवढी होती. तिने आम्हाला कोण, कुठले, काही विचारले नाही. भाकरी आणि ठेचा दिला, आत कोंडले, बाहेरून कडी घातली आणि उजाडेपर्यंत ओट्यावर बसून राहिली. गावात घोडी येऊन गेली. म्हातारी जागची हलली नाही.'

भागवतनं ते परत वाचलं. ग्यानबा म्हणजे त्याचा आजा. ही त्याची आई. गंगाभागीरथी. गंगा पण आणि भागीरथी पण. सत्तर-पंचाहत्तर वर्षं दोन घरं आपापलं नाव धरून बसली होती, आणि दोघांचंही बरोबर होतं!

त्यानं पान उघडंच ठेवून त्यावर दुसरं पुस्तक ठेवलं, जिन्यात जाऊन शेषरावला फोन लावला.

"सापडलं."

"काय निघालं? भागीरथीच ना?"

"गंगाभागीरथी. पुस्तकात छापलंय. अर्धं तुमच्याकडं गेलं, अर्धं आमच्याकडं राहिलं."

पलीकडं शेषराव हसत सुटला. "आयला! वाटणीत नावबी वाटून घेतलं म्हन की म्हाताऱ्यांनी! बैलजोडी फोडली, नाव बी फोडलं!" मग म्हणाला, "बरं झालं भागवत. वैनीचं काम अडलं व्हतं."

"व्हय," भागवत म्हणाला.

काम झालं होतं. आता पुस्तक मिटून जीप धरायला हरकत नव्हती. पण हातात धरलेला पुस्तकाचा तास अर्धा राहिला होता. एसटीला वेळ होता, आणि अर्ध्यात उठायची त्याला सवय नव्हती. तो परत जाऊन बसला आणि पुढं वाचायला लागला.

चारसहा पानांनी दुसरं गाव आलं. तिथल्या एका घरात 'गंगाभागीरथी सोनाबाई' होती. भागवतला गंमत वाटली. त्या काळी हे नाव बरंच चालत असेल. पुढं आणखी एक गाव, तिथं 'गंगाभागीरथी ठकूबाई'. मग एका पाटलाची 'मातोश्री गंगाभागीरथी राधाबाई'. भागवतचं बोट तिथंच थांबलं. एका बाईला दोन दोन नावं, आणि त्यातलं पहिलं सगळ्यांचं एकच. आपल्या पणजीला मात्र पहिलंच तेवढं. दुसरं नाही.

तो पुस्तक घेऊन खाली आला.

"बाई, त्या काळी सगळ्या बायांचं नाव एकच असायचं का?"

सुनितानं पान पाहिलं. तिला आधी प्रश्नच कळला नाही. मग कळला. तिनं हळू आवाजात विचारलं, "काका, लग्नपत्रिकेत गं. भा. लिहिलेलं असतं, पाहिलंय ना?"

"हो. मालक वारलेला असला की लिहितात."

"त्याचंच हे पूर्ण रूप आहे. गंगाभागीरथी. नाव नाही ते. सवाष्णीला सौभाग्यवती, आणि विधवेला गंगाभागीरथी. नाव त्याच्या पुढं येतं."

भागवतनं पान आपल्याकडं फिरवून घेतलं. "इथं पुढं काही न्हाई."

"नाही लिहिलं. सांगणाऱ्याला माहीत नसेल."

तो उभाच राहिला. गं. भा. त्यानं आयुष्यात कितीतरी पत्रिकांवर वाचलं होतं. पुनमच्या लग्नाच्या पत्रिकेत त्याच्या मायच्या नावाआधी त्यानं स्वतःच छापून घेतलं होतं. छापखान्यातल्या माणसानं विचारलं होतं, आई आहेत का, वडील नाहीत ना, आणि टाकलं होतं. त्याचं लांब रूप काय, हे ना त्यानं विचारलं ना कोणी सांगितलं. म्हणजे दाराला कडी घालून रात्रभर बसलेली ती बाई, आणि घरानं तिचं म्हणून जपलं काय, तर तिचा नवरा मेला होता एवढंच. अर्धं इकडं, अर्धं तिकडं. त्यावर घराचं नाव ठेवलं, दुकानाचं ठेवलं, लेकराचं ठेवलं.

"बसा काका," सुनिता म्हणाली. तिनं पाणी पुढं केलं.

भागवत बसला. पाणी प्यायला. मग म्हणाला, "बाईचा नवरा गेला तर गं. भा. नवरा असताना बाई गेली तर?"

"कैलासवासी सौभाग्यवती. कै. सौ."

"अन् ज्याची बायको गेली, त्याच्या नावाआधी काय लावतात?"

सुनितानं विचार केला. खरंच केला, उगाच उत्तर द्यायचं म्हणून दिलं नाही. "पुरुषाला वेगळं काही लावत नाहीत," ती म्हणाली. "श्रीच."

"आधीसारखंच?"

"आधीसारखंच."

भागवतनं मान हलवली. वर्षभर तो हेच बघत होता, पण असं कोणी सांगितलं नव्हतं. सातबारावर तोच, रेशनकार्डावर तोच, आरशात तोच. कुठं काही बदललं म्हणून खूण नाही. जणू झालंच नाही काही.

"पुढची पुस्तकं बघायची का?" सुनितानं विचारलं. "देवळांची राहिलीत."

त्यानं तीही बघितली. पुढचे दिवस जाऊन, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. साखऱ्याच्या मारुतीला घंटा कोणी दिली ते सापडलं, विहीर कोणी खोदली ते सापडलं. ग्यानबाच्या आईचं नाव सापडलं नाही. शेवटच्या दिवशी पुस्तकं परत करताना सुनिता म्हणाली, "मलाही माझ्या पणजीचं नाव माहीत नाही काका. काल आईला विचारलं. तिलाही नाही."

शेषरावला सांगायचं राहिलं होतं. भागवत पुसेगावला दुकानावर जाऊनच बोलला. शेषराव खताच्या पोत्यावर बसून ऐकत होता. ऐकता ऐकता त्याचा चेहरा पडला.

"म्हंजे भागीरथी म्हंजे रांडाव बाई?"

"तसं न्हाई. दोन्ही मिळून तसं. निस्ती भागीरथी म्हंजे नदीच."

"पोरीचं नाव ठेवलंय ना मी! औंदा लगीन हाय तिचं! व्याह्याला काय सांगू?" तो उठला, बाहेर जाऊन दुकानाच्या पाटीकडं बघून आला. "कोनाला बोलू नको. तुला कुनी सांगितलं व्हतं पुस्तकात डोकं घालायला? गंगाभागीरथी म्हनलं असतं तर ती म्हातारी काय न्हाई म्हनायला येनार व्हती का?"

"पर ते तिचं नाव न्हाई."

"मग काय हाय?"

भागवत दुकानातून उतरला आणि साखऱ्याची जीप धरली.

घरी येऊन त्यानं पंचफुलाबाईच्या कानाशी तोंड नेऊन विचारलं. तिनं त्या म्हातारीला पाहिलेलं होतं, नवी नवरी म्हणून आली तेव्हा.

"काकू, तिचं नाव काय व्हतं? मालक असतानाचं?"

"कोनाचं?"

"गंगाबाईचं."

"मी आले तवा तिचे डोळे गेले व्हते. मी न्हाऊ घालायची तिला. आंगावर हाडं निस्ती."

"अन् हाक काय मारायचीस?"

"हाक?" म्हातारीनं त्याच्याकडं येड्याकडं बघावं तसं बघितलं. "सासूच्या सासूला कोन हाक मारतंय? ती मारायची, आमी व्हय म्हनायचो."

"तिला कुनी तरी काय तरी म्हनत आसल की."

पंचफुलाबाई म्हणाली, "बाया म्हनायच्या की. ग्यानबाची माय."

वर्षश्राद्धाला दत्तप्रसाद रजा काढून आला. पुनम आली. शेषराव आला आणि आल्यापासून भागवतची नजर चुकवत होता. अंगण सारवलं होतं. गल्लीतल्या बाया भिंतीच्या कडेनं बसल्या होत्या. महाराजांनी दर्भ अंथरले, भाताचे तीन गोल पिंड एका ओळीत ठेवले आणि एक लांबोळका पिंड वेगळा ठेवला. तो भागवतच्या बायकोचा. त्याचे तीन तुकडे करायचे आणि एकेक तुकडा एकेका गोल पिंडात मिळवायचा, की ती वाटेवरून घरात आली.

"नावं मिळाली का?" महाराजांनी विचारलं.

"नर्मदाबाई. रुख्मिणीबाई." भागवत थांबला.

"तिसरं?"

शेषरावनं खाकरलं. "गंगाभागीरथी म्हना ना महाराज. पुस्तकातबी तसंच छापलंय."

"चालेल," महाराज म्हणाले. "नाव ठाऊक नसलं की गंगा म्हणायचीच पद्धत आहे."

"न्हाई," भागवत म्हणाला.

सगळे त्याच्याकडं बघायला लागले. वर्षभरात तो कशालाच नाही म्हणाला नव्हता. चहा घे म्हटलं की घ्यायचा, ऊठ म्हटलं की उठायचा.

"तिचा नवरा मेला हे काय तिचं नाव न्हाई," तो म्हणाला. "ते लावू नका तिला. ग्यानबाची माय म्हना."

"अहो भागवतराव, मंत्रात ग्यानबाची माय कसं बसवू?"

"बसवा. तेवढंच खरं ठावं हाय. तुमीच म्हनले व्हते, चुकीच्या नावानं कोन वळून बघत न्हाई. या नावानं ती बघायची. काकूनं सांगितलंय."

पंचफुलाबाईला ऐकू आलं नव्हतं, पण सगळे आपल्याकडं बघतायत म्हणून तिनं मान हलवली.

महाराजांनी क्षणभर डोळे मिटले. ओठ हलले. मग म्हणाले, "ग्यानबामातरम्. म्हणतो." आणि दत्तप्रसादला म्हणाले, "चला. आता जिला मिळवायचं, तिचं नाव घ्या. मोठ्यानं. तीनदा घ्यायचं आहे."

दत्तप्रसादनं दर्भानं पिंड कापला. पहिला तुकडा आजीच्या पिंडात दाबला. "सत्यशीला," तो म्हणाला. दुसरा तुकडा उचलला. "सत्यशीला." तिसऱ्याला त्याचा आवाज फुटला, पण नाव निघालं. "सत्यशीला."

भिंतीच्या कडेला, पलीकडच्या घरातली म्हातारी शेजारणीला विचारत होती. "ही सत्यशीला कोन वं?"

शेजारणीलाही सांगता येईना. ती खांदे उडवून पुढं बघायला लागली. पलीकडच्या घरातली म्हातारी म्हणजे रोजच्या येण्याजाण्यातली. रोज सकाळी भिंतीवरून विस्तव, विरजण, मिरची, काही ना काही चालायचं तिचं आणि भागवतच्या बायकोचं. तीस वर्षं. ती भिंतीवरून हाक मारायची, दत्ताची माय, ए दत्ताची माय. गावही तेच म्हणायचं. आणि भागवत स्वतः? तोही घरात शिरताना हेच म्हणायचा. दत्ताची माय, पानी दे.

भागवत मागं वळला.

"सत्यशीला म्हंजे आमचीच की, वैनी," तो म्हणाला. "दत्ताची माय."

"आगं बया," म्हातारी म्हणाली. तिनं पदर तोंडावर धरला. मग पदराआडूनच म्हणाली, "चांगलं नाव व्हतं की रं तिचं."

"व्हय," भागवत म्हणाला. "सत्यशीला." त्यानं आणखी एकदा म्हटलं, कोणाला उद्देशून नव्हे. जिभेला ते नवं होतं. पुढं काय करायचं ते न कळून तो तसाच भिंतीकडं तोंड करून बसून राहिला, आणि मागं महाराज चौथ्यांदा हाक देत होते, "भागवतराव, इकडं वळा. पाणी सोडायचं आहे."